जुनी डिझेल पिकअप मिसिंग मारते, ओढत नाही : पंप उघडायच्या आधी काय काय बघायचं

जुनी पिकअप घेतली आणि आता ती मिसिंग मारतेय किंवा लोड घेऊन चढत नाहीये म्हणून हैराण झालेल्या नव्या लोकांसाठी हे लिहितोय. आमच्याकडे आंब्याच्या सीझनला दरवर्षी कोणीतरी पोरगा सेकंडहँड गाडी घेतो, दोन महिने बरी चालते आणि ऐन हंगामात गाडी ओढायची बंद होते. मग गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी सांगतात पंप (इंजिनला दाबाने डिझेल देणारा) गेलाय, दुसऱ्या दिवशी नोजल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा), तिसऱ्या दिवशी इंजिन काम, आणि पोराचा सगळा सीझन गॅरेजच्या दारात जातो. मला हे बघवत नाही, कारण माझ्यावर हे येऊन गेलंय.

एप्रिलचा महिना होता, मागे आंब्याच्या पेट्या, साखरप्याहून आंबा घाट चढायला लागलो आणि रोज दुसऱ्या गिअरला चढणारी गाडी पहिल्यावर आली, पेडल पूर्ण खाली तरी इंजिन नुसतं घरघरतंय, आरशात बघितलं तर मागे धूरसुद्धा नाही. कसाबसा वर पोचलो. पुढे एका गॅरेजला दाखवली, त्यांनी सरळ पंप उतरवला, कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप तपासून बसवायला) दिला, चारी नोजल बदलले, साडेचौदा हजार गेले आणि गाडी दोन दिवस बरी चालून परत तशीच. शेवटी घाटावरच्या मलकापूरच्या एका म्हाताऱ्या फिटरकाकांनी बघितली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "धूर मारत्या का?" म्हटलं नाही मारत. "मग पंपाला डिझेलच पोचत न्हाई, पंप कशाला खोलला?" आणि टॉर्च घेऊन ते गाडीखाली गेले. टाकीतून येणारी रबरी पाईप चॅसीवर जिथं क्लॅम्पमध्ये आवळली होती तिथं नखाएवढी चीर होती, बाहेर डिझेलचा थेंब नाही, ओल नाही, पण इंजिन जोर लावून ओढायला लागलं की तिथून हवा आत जायची. पाईप मिळाली ऐंशी रुपयाला.

त्या दिवसापासून एकच गोष्ट सगळ्यांना सांगतो, की पंपापर्यंत स्वच्छ डिझेल हवेशिवाय पोचतंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पंपाला पाना लावू द्यायचा नाही. खालचं सगळं त्याच क्रमाने आहे, फुकटच्या गोष्टी आधी, महागाच्या नंतर.

गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा

हे सगळ्यात पहिलं, कारण इथं चूक झाली तर हाताला इजा होते. बॉनेट उघडा आणि स्टीलच्या बारीक पाईपा कुठून कुठं जातात ते बघा. पंपातून चार पाईपा निघून सरळ चार नोजलना जात असतील आणि नोजलला एकही वायर नसेल तर तो जुना मेकॅनिकल पंप, टाटा २०७ डीआय किंवा जुन्या महिंद्रा पिकअपमध्ये असायचा तसा. पण हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) बाजूने एक जाड आडवी नळी असेल, तिच्यातून पाईपा निघत असतील आणि प्रत्येक नोजलच्या डोक्यावर वायरचं सॉकेट असेल तर ती कॉमन रेल. कॉमन रेलमध्ये दाब १००० बारच्या वर जातो (आपल्या टायरमध्ये चार-पाच बार असतात, त्यावरून अंदाज घ्या), म्हणून चालू इंजिनवर तिची कुठलीही पाईप सैल करायची नाही, कधीच नाही, ती धार कातडीतून आत घुसते आणि मग बोट वाचवायला ऑपरेशन करावं लागतं. खाली पाईप सैल करून बघायची जी टेस्ट आहे ती फक्त मेकॅनिकल पंपासाठी आहे. मेकॅनिकलचा दाबही काही कमी नाही, नोजल उघडतानाच २०० बारच्या आसपास किंवा वर असतो, त्यामुळे तिथंही फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही आणि डोळ्याला चष्मा लावायचा.

बाकी नेहमीची काळजी घ्याच, गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, चाकाला दगड, बाहीचं टोक आणि गळ्यातला गमछा फॅनपासून लांब, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

मिसिंग आणि ओढ नसणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत

नवीन माणूस दोन्हीला "गाडी मिसिंग मारते" म्हणतो आणि तिथूनच काम चुकतं. मिसिंग म्हणजे चारपैकी एखादा सिलिंडर काम करत नाही, गाडी उभ्या जागी थरथरते, केबिनमधला आरसा हलतो. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळहात धरा, चांगल्या इंजिनचे धक्के एकसारखे लागतात, मिसिंग असेल तर ठराविक अंतराने एक धक्का गळतो, फट फट फट आणि मध्येच रिकामं. एकदा ते हाताला कळलं की परत विसरत नाही. ओढ नसणं म्हणजे इंजिन उभ्या जागी एकदम गुळगुळीत चालतं पण लोड आला की दम तोडतं. पहिल्यात शोध एका सिलिंडरचा घ्यायचा, दुसऱ्यात सगळ्या इंजिनला मिळून काय कमी पडतंय त्याचा.

म्हणून आधी एक वही करा. कधी होतं, सकाळी थंड असताना की गरम झाल्यावर, रिकाम्या गाडीला पण होतं का, टाकी अर्ध्याखाली आली की वाढतं का, कुठलं काम करून आणल्यावर चालू झालं. हे लिहिलेलं अर्ध निदान असतं, मी मनापासून सांगतोय.

आणि इंजिनला हात लावायच्या आधी इंजिनाबाहेरच्या तीन गोष्टी बघून घ्या. दहा-बारा किलोमीटर चालवून थांबा आणि चारी चाकांच्या हबजवळ हात न लावता उष्णता जाणवते का बघा, एकच चाक बाकीच्यांपेक्षा भाजून निघत असेल तर ब्रेक चिकटलाय, गाडी स्वतःच्याच ब्रेकशी भांडत चढतेय. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच स्लिप. आणि तिसरी गोष्ट ऐकून नवल वाटेल पण दोनदा मी स्वतः बघितलीये, पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. पायाखालचं रबरी मॅट जाड घातलेलं असतं किंवा ॲक्सिलेटरची केबल ताणून लांब झालेली असते. एकाला केबिनमध्ये बसवा, इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते बघा. टेकत नसेल तर केबल ॲडजस्ट करा, शून्य रुपये. तिथंच इंजिन बंद करायची केबल असेल तर ती पूर्ण मागे येते का तेही बघा, ती थोडी ओढलेली राहिली तरी इंजिनला डिझेल कमी मिळतं.

धूर वाचायला शिका

डिझेल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, हवा, डिझेल आणि कॉम्प्रेशन. पेट्रोलसारखा प्लग ठिणगी टाकत नाही, हवा सतरा-अठरा पट दाबून एवढी तापते की त्यात डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटतो. या तिन्हीपैकी काय कमी आहे ते धूर सांगतो.

काळा धूर आणि ओढ नाही, म्हणजे डिझेल येतंय पण त्याला पुरेल एवढी हवा नाही, किंवा नोजल फवारा न मारता थेंब टाकतोय. एअर फिल्टर, टर्बोचे (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्याचे) होज म्हणजे रबरी नळ्या, मग नोजल, असं जायचं. ज्या गाड्यांना ईजीआर (जळलेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारा वॉल्व) आहे तिथं तो उघडा अडकला तरी असाच काळा धूर येतो.

पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा, म्हणजे डिझेल आत पडतंय पण जळत नाही, सिलिंडर थंड आहे, कॉम्प्रेशन कमी आहे, नोजल खराब आहे किंवा टायमिंग (डिझेल पडायची वेळ) मागे गेलंय. सकाळी दोन मिनिटं येऊन गेला तर फार घाबरायचं कारण नाही. पण पांढरा धूर गरम झाल्यावरही राहतो, डोळ्याला झोंबत नाही, किंचित गोडसर वास येतो आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर ती वाफ आहे, गाडी पुढे चालवू नका, हेड गॅस्केटकडे (हेडच्या खालच्या पातळ पॅकिंगकडे) बघा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा, वॉल्वचे सील किंवा टर्बोचं सील.

आणि धूरच नाही, ओढही नाही, तर डिझेल पोचत नाही. माझ्या गाडीचं हेच होतं आणि हे सगळ्यात जास्त वेळा चुकीचं वाचलं जातं, कारण धूर नाही म्हटल्यावर माणसाला वाटतं इंजिन चांगलं आहे. जळायला पुरेसं डिझेलच नाही तर धूर कुठून येणार.

हवा

एअर फिल्टर काढून उन्हात धरा, आतून बल्ब लावून बघा, उजेड आरपार दिसला पाहिजे. आमच्याकडे चिऱ्याच्या खाणीवर जाणाऱ्या गाड्यांचा फिल्टर लाल मातीनं महिन्यात बंद होतो, तिथं कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरवर थांबून चालत नाही. टेस्टसाठी नवा फिल्टर लावून बघा, फिल्टरशिवाय गाडी चालवून बघू नका, धूळ आत गेली की लायनर-रिंग घासतात आणि टर्बोची पाती खराब होतात. फिल्टरच्या डब्यात कपडा, उंदराचं घरटं, काहीही सापडतं, पावसाळ्यानंतर तर नक्की बघा.

टर्बो असेल तर टर्बोपासून इंजिनापर्यंतचे सगळे होज हाताने चाचपा, क्लॅम्प हलतो का, होजच्या खालच्या बाजूला ऑइलची ताजी ओल आणि तिच्यावर चिकटलेली धूळ दिसते का. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते जिथं डोळा जात नाही. लोडवर शिट्टीसारखा किंवा फुस्स असा नवा आवाज येत असेल तर हेच समजा. काही टर्बो गाड्यांच्या पंपाच्या डोक्यावर एक बारीक नळी येते, टर्बोचा दाब वाढला की पंपाने जास्त डिझेल द्यावं म्हणून, ती निघाली किंवा चिरली तर पंप डिझेल वाढवतच नाही, धूर नाही आणि ओढ नाही. ती नळी बोटाएवढी सुद्धा नसते आणि कोणी बघत नाही.

टर्बो स्वतः बघायचा तर इंजिन बंद आणि थंड असताना, हवा आत घेणारा होज काढून पात्याचा शाफ्ट बोटाने हलवा. बाजूला किंचित हलणं चालतं, आत-बाहेर मात्र जाणवेल इतका हलायला नको आणि पातं बॉडीला घासायला नको. चालू टर्बोच्या तोंडाशी हात न्यायचा नाही.

डिझेल टाकीपासून पंपापर्यंत

इथं वेळ द्या.

पहिल्यांदा फिल्टरच्या खालचा नट सैल करून डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पारदर्शक बाटली, तासभर हलवू नका. चांगलं डिझेल स्वच्छ दिसतं. तळाला वेगळा थर बसला, बाटली तिरकी केली की तो मण्यासारखा सरकतो, तर ते पाणी. तांबूस गाळ म्हणजे टाकीतला गंज, काळी बुळबुळीत घाण म्हणजे टाकी धुवायची वेळ झाली. कोकणात पावसाळाभर टाकी अर्धी ठेवली की रिकाम्या भागात दमट हवेचं पाणी आतून सुटतं आणि तळाला साचतं, म्हणून पावसात संध्याकाळी टाकी भरून ठेवायची सवय लावा. ड्रममधलं, कॅनमधलं, कोणाच्या ओळखीचं स्वस्त डिझेल या गाडीत घालू नका, पंपाच्या आतले पार्ट डिझेलच्याच वंगणावर चालतात.

फिल्टर जुना असेल तर बदला, विचार करत बसू नका. बदलताना नव्या फिल्टरची रबर रिंग आणि जुनी रिंग एकावर एक राहिली नाही ना एवढं बघा, दोन रिंगा राहिल्या की तिथूनच हवा घेते.

मग टाकीचं झाकण. त्याला हवा आत जायला बारीक भोक असतं, ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे येत नाही. गाडी दम तोडत असताना थांबवून झाकण उघडा, सुस्स करून हवा आत गेली तर सापडलं. टाकीच्या आतल्या जाळीचा त्रास पण असाच असतो, गाडी पंधरा-वीस किलोमीटर छान चालते, मग मरते, दहा मिनिटं उभी केली की परत चालू, कारण जाळीला चिकटलेला कचरा खाली बसतो. ही "थांबली की बरी होते" वाली तक्रार ऐकली की मी आधी टाकीच उतरवायला सांगतो.

आता हवा घेते का ते. टाकी ते पंप हा ओढणीचा भाग आहे, इथं पाईप फुटली तर डिझेल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाते, म्हणून ओल शोधून काही सापडत नाही. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, चालू झाल्यावर अर्धा मिनिट गुरगुरते आणि मग सरळ होते, ही हवा घेत असल्याची जुनी खूण, रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरलेलं असतं. बघायचं कसं, तर फिल्टर आणि पंपाच्या मधली रबरी पाईप काढून तिच्या जागी तेवढ्याच मापाची पारदर्शक पाईप लावा, दोन्हीकडे क्लॅम्प, हँड प्रायमरने (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायच्या छोट्या पंपाने) हवा काढा आणि इंजिन चालू करून दिवसा उजेडात बघत बसा. सुरुवातीला चार बुडबुडे येतील, ते जाऊ दे. दोन मिनिटांनंतर डिझेल असं दिसलं पाहिजे की पाईपमध्ये काही आहे की नाही तेच कळू नये, नुसतं स्थिर. मग रेस द्या आणि धरून ठेवा. मोत्यासारखे बारीक बुडबुडे ओळीने यायला लागले की हवा घेते. माझ्या गाडीत स्लोवर (पेडल न दाबता) एकही बुडबुडा नव्हता, रेस दिली की माळ लागायची, काकांनी मला जवळ बोलावून ते दाखवलं तेव्हा साडेचौदा हजार कुठं गेले ते कळलं.

हवा कुठून येते ते शोधायला डब्याची टेस्ट. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात फिल्टरमधून गाळलेलं डिझेल, कॅन पंपापेक्षा उंचावर घट्ट बांधायचा, सायलेन्सरच्या गरम भागापासून लांब, आणि टाकीकडून येणारी पाईप सोडून कॅनची पाईप तिथं जोडायची, परतीची पाईप पण कॅनमध्येच सोडायची नाहीतर कॅन लवकर रिकामा होतो. आता रिकाम्या रस्त्यावर थोडं चालवून बघा. गाडी पूर्वीसारखी ओढायला लागली तर दोष टाकी, जाळी, झाकण आणि गाडीखालच्या पाईपा यांच्यातच आहे, पंप निर्दोष आहे. काहीच फरक नाही तर पुढे सरका. (ही टेस्ट फक्त डिझेलला, पेट्रोलच्या गाडीला असला कॅन बॉनेटमध्ये कधीही बांधायचा नाही.)

हवा काढायची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा, हँड प्रायमर मारत राहा, आधी फेस येतो, मग बुडबुडे असलेलं डिझेल, मग सलग धार. धार आली की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू बंद. प्रायमर हाताला कडक लागेपर्यंत मारा. कॉपर वायसर (तांब्याचे वॉशर) जुने वापरायचे नाहीत, दाबून चपटे झालेले वायसर परत लावले की तिथूनच हवा घेते आणि तुम्ही नवाच दोष स्वतः तयार करता.

कुठला सिलिंडर मेलाय

ही मिसिंगवाल्यांसाठी. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारी फाट्यांवर बोटांनी पाण्याचे थेंब टाका. तीन ठिकाणी चर्र होऊन उडून जातील, मेलेल्या सिलिंडरच्या फाट्यावर थेंब तसाच ओघळेल. उशीर केला तर लोखंड एकमेकांना तापवतं आणि फरक दिसत नाही, म्हणून हे पहिल्या दोन मिनिटांतच.

पक्कं करायला, फक्त मेकॅनिकल पंपावर, इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोजलकडची पाईपची नट सैल करायची, बहुतेक गाड्यांना १७ चा पाना लागतो, अर्धा आटा पुरतो, वर जाड फडकं टाकून ठेवायचं. चांगल्या सिलिंडरची नट सैल केली की इंजिन लगेच लंगडतं, आवाज बदलतो. नट सैल केली आणि काहीच बदललं नाही तर तो आधीच मेलेला आहे. एक झाली की घट्ट करून मगच दुसरी. सांडलेलं डिझेल पुसून घ्या.

मेलेला सापडला की लगेच नोजल विकत घ्यायला जाऊ नका. त्याचा नोजल आणि शेजारच्या चांगल्या सिलिंडरचा नोजल यांची अदलाबदल करा. काढायच्या आधी आजूबाजूची घाण ब्रशने आणि हवेने साफ करा, भोकात कण पडता कामा नये, आणि जुना कॉपर वायसर खाली चिकटून राहिला नाही ना ते टॉर्चने बघा, त्याच्यावर नवा बसवला की नोजल वर राहतो आणि फवारा चुकतो. अदलाबदल झाल्यावर परत टेस्ट. दोष नोजलबरोबर सरकला तर नोजल खराब, टेस्टिंगवाल्याकडे घेऊन जा आणि समोर उभं राहून बघा, फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे आणि शेवटी टोकाला थेंब लोंबायला नको. दोष जागचा हलला नाही तर नोजल नाही, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, वॉल्व किंवा पंपाची तेवढी लाईन.

थंड असताना मिसिंग आणि दोन-तीन मिनिटांत ते आपोआप बंद, अशी तक्रार असेल आणि गाडीला हिटर प्लग (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारे) असतील तर आधी ते बघा. प्लगची वायर सोडा, टेस्ट लॅम्पची एक बाजू बॅटरीच्या प्लसला आणि टोक प्लगच्या डोक्याला लावा, लॅम्प लागला तर प्लगची तार शाबूत, नाही लागला तर प्लग गेला. उलट गरम झाल्यावर मिसिंग सुरू होत असेल तर टॅपेट (वॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या दांडीमधली फट) तपासा. वॉल्व सीटमध्ये आत बसत गेला की टॅपेटचं अंतर कमी होतं आणि गरम झाल्यावर वॉल्व पूर्ण बंद होत नाही. अंतर तुमच्या इंजिनच्या पुस्तकात दिलेलंच ठेवायचं, अंदाजाने नाही.

कॉम्प्रेशन

इथपर्यंत आलात तर खर्चाची तयारी ठेवा, पण आधी फुकटच्या खुणा बघा. इंजिन गरम असताना ऑइल टाकायचं झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा, थोडं थरथरेल, पण उडून पडत असेल आणि भकाभका धूर येत असेल तर रिंगा गेल्या. चालू होऊ न देता सेल्फ मारून ऐका, चारी दणके एका तालात हवेत, एक दणका हलका आणि पळता असेल तर तो सिलिंडर कमजोर. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसलं किंवा थंड इंजिन चालू केल्यावर उघड्या रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम मेले असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलेलं असण्याची शक्यता जास्त.

गेजने मोजायचं तर डिझेलचंच गेज लागतं, पेट्रोलचं गेज हा दाब सोसत नाही. आकड्यापेक्षा चारींमधला फरक महत्त्वाचा, तीन सारखे आणि एक बराच खाली असेल तर तिथं दोष.

कॉमन रेलवाल्यांनी आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायचं यंत्र) लावून घ्या, मग प्रत्येक नोजलच्या परतीच्या नळीला वेगळी बाटली लावून बघायला सांगा, जी बाटली बाकीच्यांच्या आधी भरते तो नोजल डिझेल मागे सोडतोय. त्यांनाही टाकी-फिल्टर-हवा हा सगळा भाग तसाच लागू आहे.

गॅरेजला जाताना

टायमिंग, पंपाचं काम, हेड उतरवणं हे घरी करायचं नाही, त्याला अनुभवी हात लागतो. पण जाताना वही घेऊन जा आणि असं सांगा : "मिस्तरी, स्लोवर तीन नंबर मेलाय, नोजल अदलाबदल केला तरी दोष तिथंच आहे, पारदर्शक पाईप लावून बघितली, हवा घेत नाही, फिल्टर नवा आहे, टॅपेट अजून बघितले नाहीत." असं सांगितल्यावर चांगला मिस्तरी खूश होतो, त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि ज्याला उगाच पार्ट टाकायचे आहेत तो पण जपून बोलतो. काढलेले पार्ट परत मागून घ्या. ओढ वाढवून देतो म्हणून कोणी पंपाचा डिझेलचा स्क्रू फिरवायला निघाला तर नाही म्हणा, मूळ दोष तसाच राहतो, वर काळा धूर आणि जास्त ताप मिळतो, त्याने पिस्टन आणि टर्बो जातात.

काम झालं की त्याच घाटात, तेवढाच लोड घेऊन, त्याच गिअरमध्ये चढवून बघा, सपाट रस्त्यावर गल्लीत फिरवून काही कळत नाही. मी अजूनही साखरप्याहून वर निघालो की त्याच वळणावर, जिथं त्या दिवशी पहिला गिअर टाकावा लागला होता, दुसऱ्यावर चढतेय ना ते बघतो आणि आरशात धूर बघतो.